तुळाभाराआधीची पेज

माणसाचं वजन ही माझ्या मते खासगी गोष्ट आहे. असं मी म्हटलं की बायको हसते, कारण मी स्वतः पंचवीस वर्षं डिचोलीला लोखंडाच्या खाणीच्या काट्यावर बसून दुसऱ्यांची वजनं काढत आलोय. अर्थात ट्रकांची. रिकामा ट्रक आला की वजन लिहायचं, भरून आला की पुन्हा लिहायचं, मधला फरक तो माल. मध्यंतरी खाणी बंद पडल्या तेव्हा मी एका भंगारवाल्याच्या काट्यावर होतो. आता परत खाणीवर आलोय. पण ट्रकाला लाज नसते आणि त्याची आईही नसते, हा मुद्दा बायको कधी लक्षात घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली. साधीसुधी नव्हे, चांगली अंथरुणाला खिळवणारी. हॉस्पिटलात रोज सकाळी नर्स मला वजनाच्या मशीनवर उभं करायची आणि पेडण्याहून आलेली माझी आई चष्मा पदराला पुसून आकडा वाचायची. पंचावन्न. चोपन्न. बावन्न. एक्कावन्नवर मला उभंही राहता येईना. तेव्हा आई माझ्या काखेत हात घालायची आणि मला उचलून खुर्चीत बसवायची. सत्तरीला टेकलेली बाई, एकटी. कुणाला हाक मारायची नाही. त्याच आठवड्यात तिने गावच्या देवीला सांगून टाकलं, "माझ्या झिलाक उठव, त्याच्या वजनाचो गूळ तुका घालतंय."

देवीने उठवलं. पुढचं काम आईने हाती घेतलं. पथ्य सुटलं आणि पाठोपाठ माझं पोटही सुटलं. पहिल्या वर्षी मी म्हटलं, आई, तुळाभार करून टाकू या. तिने मला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "थांब रे, अजून हाडां दिसतत." दुसऱ्या वर्षी तिला माझ्या गळ्याखाली खळगी दिसली. ती खळगी मला आरशात शोधूनही सापडली नाही. तिसऱ्या वर्षी, जत्रेच्या आधी, तिने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि जाहीर केलं, "आता जाला." आमच्या घरच्या मशीनवर मी तेव्हा त्र्याऐंशी होतो.

आता तुळाभार म्हणजे काय, तर देवळाच्या सभामंडपात तुळईला दोन पारडी टांगतात. एकात तुम्ही उघड्या अंगाने बसायचं, दुसऱ्यात गूळ, नारळ, जे बोललं असेल ते. सगळा गाव बघतो आणि एकजण माईकवर मोजत असतो. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका निवृत्त हेडक्लार्कचा नारळांचा तुळाभार झाला. एकशे बारा नारळ लागले. तेव्हापासून त्या भल्या माणसाला पोरंटोरं ‘एकशेबारा’ म्हणतात. पोस्टमनसुद्धा म्हणतो. त्यात माझी सासुरवाडी शेजारच्याच गावात, म्हणजे सासरे पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसणार हे ठरलेलं.

तेव्हा मी ठरवलं की आठ दिवसांत तीन किलो उतरवायचे. आईला फोन केला आणि म्हटलं, "दहा किलोंची एक, अशा आठ ढेपा सांग. मी ऐंशी भरणार."

"नक्की मरे? गूळ कमी पडलो तर नवस अर्धो रवता. देवीच्या दारात तसा नको."

"आई, पंचवीस वर्षं काटा बघतोय मी."

एक ढेप जास्त सांगितली असती तर काही बिघडलं नसतं. उरलेला गूळ प्रसादाला गेला असता. पण जास्त सांग म्हणणं म्हणजे आपण उतरणार नाही हे आधीच कबूल करणं. माझ्या तोंडून ते निघेना.

नवसाआधी आठ दिवस घरात शिवराक पाळायचं होतं, म्हणजे मासळी बंद. ते नीट पाळलं जातंय की नाही यावर लक्ष ठेवायला आई डिचोलीला येऊन राहिली. पिशवीत दोन लुगडी आणि हातात एक बरणी. गोव्यात माणसाने मासळी सोडली की त्याला अर्ध्या डाएटचं पुण्य आपोआप मिळतं अशी माझी समजूत होती. वर मी भात सोडला, चपाती सोडली आणि सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला तरी पावासाठी दार उघडायचं नाही असं फर्मान काढलं. बायकोने विचारलं, "मग खाणार काय?"

"पेज," मी म्हटलं.

इथे माझी चूक झाली आणि ती आमच्याच लोकांना शोभणारी होती. आमच्याकडे पेज जेवणात धरत नाहीत. दहा वाजता पेज घेतलेला माणूस बारा वाजता शपथेवर सांगतो की सकाळपासून पोटात काही नाही. त्यामुळे भात सोडल्याच्या आनंदात मी दिवसातून चारदा उकड्या तांदळाची पेज घ्यायला लागलो. वाडगा छोटा वाटला म्हणून आईने मोठा काढला. आणि नुसती पेज घशाखाली उतरत नाही, म्हणून तिच्याबरोबर बरणीतली तोरं. तोर म्हणजे वर्षभर मिठाच्या पाण्यात मुरलेली कोवळी कैरी. एक चावा घ्यायचा, दोन घोट पेज. शिवाय पापड. शिवाय लोणचं. मासळी नाही म्हटल्यावर माणसाने काहीतरी तोंडी लावायला नको?

पहिल्या दिवशी त्र्याऐंशी. दुसऱ्या दिवशी साडेत्र्याऐंशी. मी म्हटलं, सुरुवातीला गाडी जरा मागे येतेच. तिसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. चौथ्या दिवशी पंच्याऐंशीला थोडंसं कमी.

मी मशीनवर संशय घेतला. काट्यावरचा माणूस आधी काटाच तपासतो. मी स्वयंपाकघरातून नवाकोरा गॅसचा सिलिंडर ओढत आणला आणि मशीनवर चढवला. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, त्यात गॅसचं मिळवायचं की हिशेब पक्का. मशीनने अगदी बरोबर आकडा दाखवला. बायको दारात उभी होती. "सिलिंडर पण डायटवर काय?" तिने विचारलं. मी सिलिंडर परत नेऊन ठेवला. तोवर आतून आईची हाक आली, "पेज निवता रे!"

पाचव्या दिवशी मी एक हलकट काम केलं. आमचा खाणीवरचा काटा दहा-दहा किलोंनी उडी मारतो. टनांच्या बाजारात तेवढं कोण बघतं? जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी त्या भल्यामोठ्या प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाऊन उभा राहिलो, धावत केबिनच्या खिडकीशी आलो, तर आकडा शून्यावर. अर्थात, मी खाली उतरलो होतो. शेवटी एका ट्रक ड्रायव्हरला फोटो काढायला लावला. फोटोत खिडकीपलीकडे काट्यावर उभा मी, आणि पडद्यावर होतं: ऐंशी. तो फोटो मी संध्याकाळी आईला दाखवला. तिने चष्मा पदराला पुसला, फोटो जवळ धरून बघितला आणि म्हणाली, "बरो इलो." मला वाटलं, फोटोबद्दल म्हणतेय.

सहाव्या दिवशी त्याच काट्यावर मला शहाणपण आलं. धूळ उडू नये म्हणून खाणीवर मालावर पाणी मारतात. त्या दिवशी जरा जास्तच मारलं होतं. सिंधुदुर्गातला एक जुना ड्रायव्हर खिडकीशी येऊन कुरकुरला, "साहेब, माल नेहमीइतकोच भरललो, मग काटो जास्त कसो दाखवता?"

मी मान वर न करता रोजचं उत्तर दिलं, "लोखंड वाढलेलं नाही रे, पाणी वाढलंय. सुकलं की जाईल."

आणि माझं पेन कागदावर थांबलं. ही एवढी गोष्ट मी पंचवीस वर्षं लोकांना ऐकवतोय आणि स्वतःच्या अंगाला लावून बघितली नाही. चारदा पातळ पेज, आणि ते पाणी अंगात धरून ठेवायला बरणीभर मीठ. माझी चरबी काही वाढली नव्हती, माझा माल ओला झाला होता!

घरी आलो आणि चप्पल काढायच्या आधी म्हटलं, "आई, उद्यापासून तोर नको. पेजेत मीठपण घालू नको."

ती शेगडीपाशी होती. वळली नाही. "बिनमिठाची पेज?" ती म्हणाली. "ती हॉस्पिटलात भरवलंय तुका. चमच्यान. ती पुरे झाली."

मी पाटावर बसलो. तिने वाडगा पुढे केला, कडेला एक तोर ठेवलं. मी ते खाल्लं. त्यातल्या त्यात लहान होतं, एवढीच माझी बहादुरी.

जत्रेच्या दिवशी सकाळी घरच्या मशीनवर चौऱ्याऐंशी होते. पेडण्याला जाताना गाडी मी चालवत होतो. मागच्या सीटवर सासू-सून कुजबुजत होत्या, पण मी लक्ष दिलं नाही. आठ ढेपा, ऐंशी किलो. चार किलोंनी नवस अपुरा, तोही सगळ्या गावासमोर, आणि त्याला कारण माझी मिजास. सांगायला हवं होतं. पुलावर सांगेन म्हटलं, मग नाक्यावर सांगेन म्हटलं, आणि देऊळ आलं.

पंचा नेसून मी पारड्यात मांडी घातली. काथ्याचे दोर करकरले. सासरे अपेक्षेप्रमाणे पुढच्या रांगेत होते. समोरच्या पारड्यात एकेक ढेप चढू लागली आणि माईकवरचा इसम मोजू लागला. दहा, वीस, तीस. सत्तरला माझं पारडं जरा हललं. ऐंशी झाले. समोर ढेप संपली आणि मी होतो तिथेच, जमिनीला टेकलेला.

मी घड्याळ काढून भटजींकडे दिलं. मग अंगठी. मग गळ्यातली साखळी. मग खांद्यावरचं उपरणं. पोरं फिदीफिदी हसायला लागली. भटजी हळूच म्हणाले, "पंचो रवांदे." काटा हलायला तयार नव्हता. मला घाम फुटला, आणि खरं सांगतो, तो माझ्या वजनाच्या लाजेने नव्हे. तीन वर्षं मनात धरलेला आईचा नवस मी ऐंशीच्या बढाईपायी दारात अडवून ठेवला होता. मला तिच्याकडे बघायचं धाडस होईना.

बघितलं तेव्हा ती शांतपणे पदर खोचत होती. "गे, हाड ती," म्हणजे आण ती, असं तिने माझ्या बायकोला सांगितलं.

बायको पायऱ्यांकडे गेली. तिथे आईच्या जुन्या लुगड्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. तिने लुगडं बाजूला केलं आणि दोघा माणसांना खूण केली. ढेप. आतून दोघी सामील होत्या! नववी ढेप पारड्यात पडली आणि मी एकदम उचलला गेलो, पाय हवेत लोंबकळायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायऱ्यांवर लुगड्याशेजारी आणखी एक, दहावी ढेप तशीच होती. आईला माझ्याबद्दल आणखीही आशा होती तर.

"नव्वद!" माईकवरचा इसम ओरडला.

नव्वद? माझा पंचवीस वर्षांचा धंदा खवळून उठला. पारडं खाली गेलं म्हणजे नव्वद भरले असं होत नाही, चौऱ्याऐंशी म्हणा, चौऱ्याऐंशी! मी तोंड उघडलं, एवढ्यात आई पारड्याजवळ आली. माझा लोंबता पाय तिने हातात धरला, जरा दाबून बघितला आणि वर माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"तेवा तुका उचलूक मी एकटी पुरे होतंय," ती म्हणाली. "आज बघ, किती गूळ लागलो."

मी तोंड मिटलं. नव्वद तर नव्वद.