येऊरचा बिबट्या आणि ताईच्या पोळ्या

गेल्या शनिवारी डोंबिवलीहून येऊरला गेले, ती खरं तर एका अर्जापायी. माझी थोरली बहीण, ताई, ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या डोंगराखाली, पायथ्याशी राहते. तिच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर महिन्याभरात दोनदा बिबट्या दिसलेला. 'त्याला पकडून दूर सोडा' असा वनखात्याला अर्ज द्यायचं ठरलं आणि "तुझं मराठी बरं आहे" म्हणून तो मी लिहिला. नेटवरचा एक फोटोही जोडला. सह्या झाल्या, सोमवारी अर्ज जाणार होता. पण ज्याला घराबाहेर काढा म्हणून इतकं ठणकावून लिहिलं, त्याचं घर आपण पाहिलेलंही नाही, हे मनाला टोचत राहिलं.

"आधी बघून येऊ," मी ताईला म्हटलं.

"कोणाला, बिबट्याला? अगं, तो काय पाहुणचार करणार आहे आपला?" असं म्हणत ती आलीच.

जाणाऱ्यांसाठी: ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला येऊरची बस मिळते. रिक्षावाले उपवन तलावापर्यंत आनंदाने येतात, पुढच्या चढाला कुरकुरतात. सकाळी लवकर जा, अंधाराच्या आत उतरा, गाणी लावायचा स्पीकर घरी ठेवा. वर एका अंगणात तांदळाची भाकरी आणि पिठलं खाल्लं. दोघींचं दोनशेच्या आत झालं. ठेच्याने ताईच्या डोळ्यांत पाणी, पण भाकरी तिने तीन घेतल्या.

तिथेच वनरक्षक गोविंददादा भेटले. ते इथल्याच पाड्यावरचे. त्यांनी झाडाखालचा वाघोबा दाखवला, शेंदूर लावलेला दगड. "म्हातारी माणसं सांगायची, तो त्याच्या वाटेनं, आपण आपल्या."

मी पिशवीतून अर्ज काढून दिला. फोटो पाहून ते थबकले.

"मॅडम, हा कुठं दिसला?"

"आमच्या भिंतीवर," ताई ठामपणे म्हणाली.

"मग समुद्र पोहून आला असंल. ठिपक्यांच्या कड्यात आणखी ठिपके आहेत ना? हा जॅग्वार, दक्षिण अमेरिकेतला. ह्याला पकडायला पासपोर्ट लागंल."

आम्ही तिघंही हसलो. मी जरा उशिरा. इतक्या जणांनी सही केली, पण एकानेही तो नीट पाहिला नव्हता. मीसुद्धा.

मग ते गंभीर झाले. "एक नेला तर रिकाम्या जागेत दुसरा येतो. नेलेला परक्या मुलखात भांबावतो. तो तुमच्याकडं येतो कशाला, ते बघा. भिंतीमागं कुत्री आहेत का? तो त्यांच्यासाठी येतो."

मी ताईकडे पाहिलं. ताई वाघोबाकडे पाहत होती.

अन्न टाकायचं नाही, ही आमच्या आईची शिस्त. म्हणून उरलेल्या पोळ्या ताई रोज भिंतीपलीकडे कुत्र्यांना घालते. तिचं पाहून अख्खी बिल्डिंग घालू लागली. मला हे ठाऊक होतं. मुक्कामाला गेले की मीही भात टाकून येते. अर्जात मात्र मी लिहिलं होतं, 'कोणतेही कारण नसताना बिबट्या वस्तीत येतो.'

उतरताना ताई म्हणाली, "पाहुणचार तर मीच करत होते गं त्याचा."

त्याच संध्याकाळी तिच्या डायनिंग टेबलवर नवा अर्ज लिहिला: मागे दिवे हवेत, कचरा रोज उचलावा, कुत्र्यांची नसबंदी व्हावी. 'पकडा' हा शब्द गेला. रविवारी ताई पुन्हा दारोदार फिरली. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आता बिबट्याची वकिली का?" सही मात्र केली.

घरी येऊन वाचलं. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत जॅग्वार धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, बिबट्या त्याच्याही एक पायरी पुढे, असुरक्षितांत. हळहळ मला नेहमी दूरच्या प्राण्यांची वाटायची, पण त्या जॅग्वारपेक्षा आपल्या भिंतीवरचा जास्त अडचणीत.

रविवारी रात्री ताईचा फोन आला. "मोजून केल्या तरी दोन उरल्या. सकाळी फोडणीची पोळी करीन. पण कुत्री भिंतीशी वाट बघतायत गं."

सोमवारी अर्ज दिलाय. बिबट्या पुन्हा भिंतीवर दिसला नाही तर बरं वाटेल. तो वर येऊरमध्ये आहे, असं गोविंददादांकडून कळलं तर त्याहून बरं.