मंजिरीने उशिरा भरलेला अर्ज

रेवा आणि अद्वैत,

परवा फोनवर रेवा म्हणाली, की स्कॉलरशिपचा अर्ज आत्ता नको, आधी पहिल्या सेमिस्टरचे मार्क हातात येऊ देत. म्हणून मंजिरीबद्दल आजच लिहिते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही.

इथे लीड्सला ती आमच्या शेजारी राहायची. मूळची साताऱ्याची, हॉस्पिटलात नर्स, आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार आर्मी रिझर्व्हच्या, म्हणजे इथल्या अर्धवेळ सैन्याच्या, वैद्यकीय तुकडीत. शुक्रवारी संध्याकाळी मागच्या पायरीवर जुना पेपर पसरून ती बुटांना पॉलिश करत बसे. एक कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. एवढं चमकवून शेवटी चिखलातच जायचं ना, असं मी एकदा विचारलं. "काकू, चिखल त्यांचा, बूट माझे," ती म्हणाली.

तिची वाक्यं अशी आखूड असत. त्यातलं लाडकं म्हणजे, "आधी करून दाखवावं, मग तोंड उघडावं." साधी रजा मागायची तरी आधी दोन माणसांचं काम उपसून ठेवी. मला ते पटे. मीही त्याच वळणात वाढले.

बेचाळिसाव्या वर्षी तिने एमएस्सीला प्रवेश घेतला. रिझर्व्हमधल्या सेवेवर फीसाठी मदत मिळते, आणि तिची सेवा त्या नियमात बसत होती. तरी तिने अर्ज केला नाही. पहिलं मोड्युल, म्हणजे पहिला विषय, पास व्हायचं, मग निकाल जोडून मागायचं, असं तिने ठरवलं. मी मान डोलावली. शाळेत मुलींना जन्मभर 'प्रश्न नीट वाचा' सांगत आले, पण नियमांचा कागद वाचायला मागितला नाही.

निकाल उत्तम लागला. तुकडीतल्या शिक्षण अधिकाऱ्याने अर्ज पाहिला आणि त्यालाच वाईट वाटलं. मंजुरी कोर्स सुरू होण्याआधी घ्यावी लागते. सुरू झालेल्या कोर्सला काही मिळत नाही. उरलेली फी तिच्या एकटीच्या पगारात बसणारी नव्हती. तिने कोर्स सोडला.

त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. चहा गार झाला. मग म्हणाली, "काकू, त्यांना माझे मार्क नकोच होते. मी विचारायला हवं होतं, एवढंच."

पुढच्या वर्षी तिने दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेतला. या वेळी अर्ज आधी. मंजुरी आली. सुरुवातीचा विषय जुनाच होता, तोच पुन्हा शिकायचा. कंटाळा नाही येत का, म्हटलं. "बूटही दर शुक्रवारी तेच असतात," ती म्हणाली. पदवी मिळाली. त्यानंतर ते लाडकं वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजार तीन महिन्यांचा. अंत्यविधीला तुकडीतली माणसं गणवेशात आली होती. त्यातल्या एका मुलीने सांगितलं, की नव्याने भरती झालेल्या प्रत्येकाला मंजिरी पहिल्याच दिवशी विचारायची, पुढे काय शिकायचंय आणि अर्ज कधी करणार.

तुकडीच्या हॉलमध्ये चहाच्या टेबलावरच्या भिंतीला तिने एक कागद चिकटवला होता. त्यावर इंग्रजीत, तिच्या अक्षरात, एकच ओळ आहे: सुरू करण्याआधी विचारा. कागद अजून तिथेच आहे.