जांभळांच्या रांगेतलं पोकळ झाड

"एवढ्याशा हातोडीने झाडाचं पोट दिसतं?" एक्सईएन साहेबांनी विचारलं.

"दिसत नाही सर, ऐकू येतं," मी म्हणाले आणि जांभळाच्या सालीत पहिली पिन ठोकली.

एक्सईएन म्हणजे कार्यकारी अभियंता. चंदीगडमध्ये साहेबाच्या नावापेक्षा हुद्दाच जास्त ऐकू येतो. मी मूळची साताऱ्याची, सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवणारी इंजिनिअर. त्या दिवशीचं सगळं बोलणं हिंदी-पंजाबीत झालं, इथे मराठीत लिहिते आहे.

भानगड उन्हाळ्यातल्या एका आंधीपासून, म्हणजे धुळीच्या वादळापासून, सुरू झाली. मार्केटसमोरच्या जांभळाची फांदी पार्क केलेल्या गाडीवर पडली. गाडीत कोणी नव्हतं. पुढच्या वेळी असेल, असं म्हणून साहेबांच्या उद्यान खात्याने अकरा झाडांची अख्खी रांग काढायचं ठरवलं. साहेबांची भीती खोटी नव्हती. कोणाला काही झालं असतं तर पहिला फोन त्यांनाच आला असता.

विरोधाला उभ्या राहिल्या गिल मॅडम. शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या शिक्षिका. वॉर्डाची निवडणूक जवळ आली होती आणि त्या एका छोट्या पर्यावरणवादी पक्षाच्या उमेदवार होत्या. पक्ष एवढा लहान की सगळे कार्यकर्ते एका गाडीत मावले असते, पण फिरायचे सायकलीने. आमच्या उपकरणाबद्दल त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि थेट लॅबमध्ये आल्या.

माझे बॉस डॉ. सूद यांनी मला बोलावून घेतलं. "जा तू. पण विनंती दोन्ही बाजूंकडून लेखी घे. रिपोर्ट आपला, राजकारण त्यांचं."

मी खूश होते. आमच्या ग्रुपने बनवलेलं हे यंत्र तोवर लॅबच्या आवारातच फिरलं होतं. पहिल्यांदाच ते लोकांसमोर जाणार होतं, आणि चुकलं असतं तर कायमचं कपाटात गेलं असतं.

काम समजायला सोपं आहे. खोडाभोवती पिना लावायच्या, प्रत्येक पिनेला एकेक सेन्सर. एका पिनेवर हातोडी मारली की आवाज लाकडातून बाकीच्या पिनांपर्यंत जातो. लाकूड भरीव असेल तर सरळ जातो. मध्ये पोकळी असेल तर वळसा घालून जातो, म्हणून उशिरा पोचतो. या उशिरावरून लॅपटॉप खोडाच्या आतलं चित्र काढतो. थोडी पोकळी झाडाला चालते, बांबू तर पोकळच असतो. बाहेरची भरीव भिंत किती जाड उरली आहे, ते महत्त्वाचं.

सकाळी मार्केट उघडायच्या आधी सुरुवात केली, तरी गर्दी जमली. एक सरदारजी आजोबा सेन्सर धरायला पुढे आले. शाळेला निघालेली मुलं दुसऱ्या बाजूने खोडाला कान लावून उभी राहिली. माझी मुलगी सई त्यांना समजावत होती, "मम्मा डॉक्टर है, पेड़ों की." घरी मराठीत विचारलं तरी ती हिंदीतच उत्तर देते. ‘डॉक्टर’ची चूक मी दुरुस्त केली नाही.

एकेक झाड चांगलं निघत गेलं. गिल मॅडमचा चेहरा खुलत गेला. पक्षाचे खजिनदार बत्राजी प्रत्येक निकालाला मागून टाळ्या वाजवत होते.

शेवटचं झाड सगळ्यांत मोठं, बसस्टॉपजवळचं. पक्षाच्या पोस्टरवर त्याचाच फोटो होता. त्याचं चित्र स्क्रीनवर आलं आणि मी पिना तपासून पुन्हा सगळे ठोके मारले. चित्र तेच आलं. मध्ये मोठी पोकळी, आणि रस्त्याकडची भिंत भाकरीच्या कडेसारखी पातळ.

मी गिल मॅडमना आणि साहेबांना एकत्रच बोलावून सांगितलं.

बत्राजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पवारजी, दहा चांगली निघाली ना? अकराव्याचं मतदानानंतर सांगू या. पोस्टर छापून झालेत."

माझ्याआधी गिल मॅडमच बोलल्या. "बत्राजी, याच्याखाली शाळेची बस थांबते."

संध्याकाळी वॉर्डाच्या सभेत त्या माईकवर उभ्या राहिल्या. "दहा झाडं ठेवा, असं मी मागते आहे. आणि हे अकरावं उद्याच काढा, असंही मीच मागते आहे." झाडं वाचवायला आलेली बाई झाड तोडा म्हणते, हे कोणाला पचेना. मग साहेब उठले. "मॅडम, तुम्ही एक देता आहात, तर दहांवर मी हट्ट कशाला करू? त्यांच्या फक्त सुकलेल्या फांद्या उतरवतो."

झाड कापलं तेव्हा मी लॅपटॉप उघडून तिथेच उभी होते. चित्र चुकलं असतं तर एक चांगलं झाड माझ्यामुळे गेलं असतं. करवत थांबली, ओंडका बाजूला झाला. साहेबांनी पोकळीत खांद्यापर्यंत हात घातला. मग माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, परत ओंडक्याकडे पाहिलं, आणि हसायला लागले. "पक्का, जी. एकदम पक्का." सरदारजी आजोबांनी सईला उचलून ती पोकळी दाखवली. मला इतका आनंद झाला की मी बत्राजींशीच हात मिळवला.

गिल मॅडम निवडणूक हरल्या. पण डिपॉझिट वाचलं, आणि पक्षाच्या इतिहासात ते पहिल्यांदाच घडल्यामुळे त्यांनी लाडू वाटले. जिंकलेल्या नगरसेवकाने वॉर्डात एक पद्धत सुरू केली: जुनं झाड तपासल्याशिवाय काढायचं नाही. श्रेय सगळं स्वतः घेतलं. बत्राजी चिडले.

"घेऊ दे," गिल मॅडम म्हणाल्या. "आपल्याला नियम हवा होता. मिळाला." आणि रिकाम्या जागी जांभळाचं रोप लावायला खड्डा खणू लागल्या.

आता महिन्यातून एखादा फोन येतोच, कधी साहेबांचा, कधी गिल मॅडमचा. यंत्र कपाटात राहत नाही. मोजणीला जाणाऱ्या नव्या मुलांना मी एवढंच सांगते, निकाल सांगेपर्यंत कोणाचाही चहा घेऊ नका. सांगून झाल्यावर दोन्ही बाजू पाजतात.