आडात गेलेलं लिंग

मुरुडात आमचं भुसाराचं दुकान होतं. पावसानं पाठ फिरवली होती, ज्वारी-तुरीची पोती येणंच बंद झालं होतं, आणि त्यातच लातूर जिल्हा झाला. "समदी हापिसं तिकडं गेली, गिऱ्हाईक तिकडं गेलं. आपण हितं माशा मारीत बसायचं का?" असं म्हणून मामंजी, म्हणजे माझे सासरे, लातुरात गाळा बघायला गेले. सोबत आमचे मालकही गेले. घरात राहिलो मी आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई. मला कधी एकदा लातूरला जाते असं झालं होतं. आत्याबाईंना मात्र लातूरचं नाव काढलं तरी घास उतरत नव्हता.

परसातल्या आडाचं पाणी पार तळाला गेलं होतं. त्या सकाळी पाणी शेंदायला आत्याबाई वाकल्या आणि त्यांच्या गळ्यातला शिवदोरा तुटला. लिंगाची चांदीची डबी आडात गेली. पाण्याचा आवाज आला तोही जरा वेळानं.

आत्याबाई गळ्याशी हात धरून उभ्याच राहिल्या. आम्ही लिंगायत वाणी. एकदा गुरूनं गळ्यात लिंग बांधलं, की ते देहाचाच भाग. रोज अंघोळ करून डाव्या तळहातावर त्याची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. आणि ज्याचं लिंग हरवलं त्यानं काय करायचं, ते विचारलं की जुनी माणसं विषय बदलत.

"आत्याबाई, ऊन चढलंय. आत चला."

"न्हाई. त्यो हितं हाय, म्या बी हितंच."

त्या आडाच्या काठाशी बसून राहिल्या. मी नुसती आत-बाहेर करत होते. चूल पेटवली, विझवली. त्यांचे ओठ सुकलेले बघून मलाही पाणी घेववेना. शेवटी राहवलं नाही. शेजारच्या दोघींना हाक मारली, कमरेला दोर बांधून त्यांच्या हाती दिला, पदर खोचला आणि उतरले. वाण्याची सून आडात उतरतेय म्हणून आजूबाजूच्या माळवदांवर बायका गोळा झाल्या.

दगडांच्या खोबणीत पाय रोवत खाली गेले. गुडघाभर पाणी होतं, त्याखाली काळाशार गाळ. चाचपता चाचपता डबी हाताला लागली. उघडलेली, रिकामी. आत असायचं ते लिंगही काळंच. त्या गाळात ते ओळखणार कसं? बोटं बधिर होईपर्यंत मी गाळ उपसत राहिले. "वर ये गं बाई, हात काचले आमचे!" अशा वरून हाका आल्या, तेव्हा वर आले.

आत्याबाईंनी डबी पदरानं पुसली आणि मला म्हणाल्या, "लई केलंस माय. आता बास."

त्या 'बास'चीच मला भीती वाटली. तशीच ओल्या लुगड्यानं मठात गेले आणि स्वामींना घेऊन आले.

"स्वामी, लिंग गेल्यावर जीव ठिवू नये, असं माझी आई सांगायची," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमच्या गळ्यात लिंग कुणी बांधलं होतं?"

"तुमच्या वडलांनी."

"मग आता मी बांधतो. गुरू समोर बसलाय तोवर लिंग गेलं म्हणायचं न्हाई."

आत्याबाईंना हुंदका आला. "आमी गाव सोडून निघालाव, म्हणून त्यो मला सोडून गेला."

"गेला न्हाई, माय. त्यो मुरुडात ऱ्हायला. तुमी जावा."

स्वामींनी तिथंच त्यांच्या कपाळी विभूती लावली, मंत्र म्हणून नवं लिंग बांधलं. आत्याबाईंनी पूजा केली, तीर्थ घेतलं आणि मग तांब्याभर पाणी न थांबता प्यायल्या. त्यांच्या मागं मीही प्यायले.

गाळा ठरवून मंडळी परतली. मामंजींनी सगळं ऐकलं आणि बिचकत विचारलं, "मग, जायचं का न्हाई?"

"चला," आत्याबाई म्हणाल्या. "पर आड बुजवू नगा. पाणी गल्लीला ऱ्हाऊ द्या."

लातुरात त्यांचा जीव पुष्कळ दिवस लागला नाही. पूजेला बसल्या की तळहातावरच्या नव्या लिंगाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत. मग दुकान चाललं, नातवंडं झाली, आणि पूजा लांबत लांबत तासावर गेली. "बोलतंय आता माझ्यासंगट," असं एकदा सहज म्हणाल्या.

त्या गेल्या तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून पुरायचं होतं. स्वामींनी ते लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. हात उघडाच राहत होता. मी पुढं झाले आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली.