शेवटाकडून मागे

"बाई कुलूप लावून खाली उतरतात, पुन्हा वर येऊन ते ओढून पाहतात, आणि अर्ध्या जिन्यावरून परत फिरतात," असे शेजारी म्हणत. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. बावीस वर्षे त्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या आणि मागच्या पुस्तकातल्या एका चुकीनंतर मालकांनी बजावले होते, "पुढची चूक ही तुमची इथली शेवटची."

त्यानंतर आलेले पुस्तक मुलांसाठी होते. वाट वाचकाने निवडायची. दार उघडायचे असेल तर एका परिच्छेदावर जायचे, पळायचे असेल तर दुसऱ्यावर. असे आकडे घातलेले एकशेवीस परिच्छेद. प्रत्येक आकड्याचा परिच्छेद पुस्तकात आहे ना, एवढे पाहून बाईंनी सही केली. छपाई दुपारी चारला सुरू व्हायची होती.

दोन वाजता भाचीचा फोन आला. तपासणीची जुनी प्रत तिने वाचायला नेली होती.

"मावशी, मी तळघरातून बाहेरच येत नाहीये."

"नीट निवडलंस का?"

"दिवा घेतला, दोरी घेतली, हाकसुद्धा मारली. पुन्हा तळघरच. तिथेच बिऱ्हाड थाटू का आता?"

बाईंना हसू आले नाही. पुढे वाट आहे का, एवढेच त्यांनी पाहिले होते. ती शेवटाला पोचते का, हे नव्हे. त्यांनी उलटीकडून सुरुवात केली. गोष्टीला सहा शेवट होते; त्या सहाही शेवटांवर लाल खूण केली, मग त्या शेवटांकडे नेणाऱ्या परिच्छेदांवर, मग त्यांच्याकडे नेणाऱ्यांवर. साडेतीनला चार परिच्छेद कोरे उरले: तळघर, बोगदा, विहीर, जिना. चौघांच्या वाटा एकमेकांतच फिरत होत्या. हस्तलिखितात जिन्यावरून ७९ वर, अंगणात जायचे होते. प्रतीत पडले होते ९७, म्हणजे तळघर. ९७ही पुस्तकात होताच, म्हणून त्यांचा डोळा पुढे सरकला होता.

भाची सोडली तर अजून कुणाला कळले नव्हते. तरी बाई प्रत घेऊन मालकांसमोर उभ्या राहिल्या. "सही माझी आहे, चूकही माझीच. छपाई थांबवा."

मालकांनी घड्याळ पाहिले. "मागे काय बोललो होतो, लक्षात आहे ना? आणि पोरं कंटाळली की पुस्तक मिटतील. बिघडलं कुठं?"

बाईंनी प्रत त्यांच्या टेबलावर उघडून जिन्याच्या परिच्छेदावर बोट ठेवले.

"मला काढायचं तर उद्या काढा. आज आधी तो आकडा बदला."