दुकानापेक्षा लांब बांबू

समस्त नागरिकांनी उभं राहून ऐकावं. आमच्या नगरपंचायतीच्या हद्दीत बांबू उघड्यावर ठेवू द्यावेत की नाही, या गंभीर प्रश्नासाठी बांधकाम सभापती आणि अभियंता भर उन्हात छत्रीशिवाय हजर झाले होते. लोकशाहीसाठी याहून जास्त घाम आमच्या गावात कुणी गाळलेला नाही. मी साक्षीदार आहे, कारण माझं चष्म्याचं दुकान शेजारीच आहे आणि गिऱ्हाईक त्या दिवशीही नव्हतं.

माझ्या बांबूवाल्या शेजाऱ्याची अडचण साधी होती. त्याचा माल त्याच्या दुकानापेक्षा लांब. बांबू आत घातले की निम्मे रस्त्यावर यायचे, जाणारा-येणारा शिव्या घालायचा. लगतचा नगरपंचायतीचा मोकळा तुकडा भाड्यानं मिळाला तरच धंदा टिकणार होता. नाहीतर नवराबायकोनं लातूरला जाऊन कुणाच्या तरी बांधकामावर पाट्या वाहायच्या, एवढंच उरलं होतं. बायको दुकानात खाली मान घालून सुपं विणत बसायची. वर्षानुवर्षं शेजारी राहून तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

बांबूच्या धंद्याची एक रीत आहे. मांडवाला बांबू नेणारा माणूस तासभर घासाघीस करतो. तिरडीला नेणारा भावच विचारत नाही, आणि विकणाराही विचारत नाही की कशाला पाहिजेत. गिऱ्हाईक भाव न करता 'काढ' म्हणालं की समजून घ्यायचं, तोंड पाडायचं आणि मुकाट्यानं बांबू द्यायचे. शेजाऱ्याचा चेहरा अशा वेळी इतका झटकन उतरायचा की मी दुकानातून ते बघायला मान बाहेर काढायचो.

तर पाहणी झाली. अभियंत्यानं टेप लावला, नाली मोकळी राहते म्हणाला. सभापती म्हणजे देवणीचा वळू; रस्त्यानं चालला की रस्ता अरुंद वाटायचा. तोही खूश दिसला.

"देऊन टाकू याला जागा," तो म्हणाला. शेजाऱ्यानं वाकून त्याच्या पायाला हात लावला.

इथं थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण मोठ्या माणसाला मोठेपणा दाखवल्याशिवाय घरी जाववत नाही. निघता निघता तो म्हणाला, "बरं, दोन बांबू काढ रे चांगले. सरळ बघून. भावाचं काही बोलू नको."

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. मी काउंटरला घट्ट धरलं. त्यानं दोन लांब हिरवे बांबू काढले, आडव्या बांधायच्या कामट्या मोजून ठेवल्या, डोक्याचा रुमाल काढला आणि हात जोडून हळूच विचारलं, "कोन गेलं, सायेब?"

अभियंत्याचा टेप सर्रकन आत गेला. मी जे हसलो, ते पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल.

"माझ्या पोरीचं लगीन हाय, भाड्या! मांडवाला पाहिजेत!"

"चुकलं, सायेब! तुमी भाव केला न्हाई म्हनून..." बिचारा घामानं डबडबला आणि सारवासारव करायला गेला. "तुमच्या घरी कवा तशी येळ आली तर एक रुपया घेनार न्हाई. शबुद हाय माझा!"

यानंतर नाली मोकळी असून काय उपयोग? पुढच्या बैठकीत अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर शहराच्या सौंदर्यास बाधा. आमच्या शहराचं सौंदर्य म्हणजे दोन उकिरडे आणि एक बंद कारंजं, पण बाधा मात्र बांबूनं आली. शेजारी प्रत्येक सदस्याच्या दारी जाऊन आला. सगळ्यांनी चहा पाजला. एकानं तर "आमच्या दारात जास्त वेळ उभा राहू नको बाबा" असंही सांगितलं.

मग ट्रॅक्टर आला. अतिक्रमण म्हणून सगळा माल ट्रॉलीत भरायला लागले. सभापती जातीनं हजर. शेवटचा बांबू चढल्यावर त्यानं ड्रायव्हरला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "गोदामात नको नेऊस. आपल्या घरी घे. मांडवाचं काम भागंल."

अभियंता हसला. माणसं हसली. मीही हसलो. शेजारी रिकाम्या ओट्यावर बसून आपल्याच मालाकडं गिऱ्हाइकासारखा बघत होता.

तेवढ्यात त्याची बायको उठली. आत गेली, एक कोरं मडकं घेऊन बाहेर आली आणि ट्रॉलीत बांबूंवर नीट ठेवून सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अवो सभापती, मडकं ऱ्हायलं की तुमचं!"