विश्राम सरांची तिसरी हाक

…तर बैल बसला तो बसलाच. काल आपण गोष्टीत इथंच थांबलो होतो. खोपटची वस्ती मागं पडलेली, येऊरच्या चढणीचं पहिलंच वळण, गाडीत तांदळाचं पोतं, दोन पातेली, आठ कंदील, आणि गाडीमागं मुलींच्या शाळेच्या अठ्ठावीस मुली, उन्हाळी शिबिराला निघालेल्या. एकोणपन्नास सालचा मे महिना. गाडीवान दगडू बैलाच्या कानाशी वाकून त्याला नावानं हाका मारत होता. ड्रिलचे विश्राम सर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दगडू, मग तो चाबूक कशाला बाळगतोस?"

"चाबकाचं काम नाही मास्तर. हा तिसऱ्या हाकेला उठतो."

आणि उठला की. जणू आधीच्या दोन हाका दुसऱ्याच कुणाला होत्या. मुली खिदळल्या, सरही हसले. पुढं कैक वर्षं सरांना तो बैल आठवायचा, पण हसू यायचं नाही.

विश्राम सर मूळचे राजापूरकडच्या एका खेड्यातले. अंगानं काटक. आवाज असा, की शाळेच्या मैदानावर 'सावधान' म्हणाले की पलीकडच्या गल्लीतली गाय कान टवकारायची. देवानं थट्टा केली ती नावात. 'सावधान' झालं की ड्रिलमास्तरानं 'विश्राम' म्हणायचं असतं. पोरी कुजबुजायच्या, "सर स्वतःलाच हाक मारतात गं." हे एकदा त्यांच्या कानावर गेलं. सर शांतपणे म्हणाले, "मारतो. आणि एका हाकेला ओ देतो. तुम्हीही द्यायची."

शिबिराची जागा म्हणजे एक जुनी आमराई. कडेला विहीर, खाली ओढा, आणि वर करवंदाच्या जाळ्यांनी भरलेली टेकडी. पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला हजेरी सुरू झाली. एकेक नाव, एकेक 'हजर'. कलावतीचं नाव घेतलं आणि गाडी अडली. पुन्हा घेतलं, तरी गप्प. मुलगी समोर उभी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा म्हणाली, "हजर, सर."

"पहिल्या दोन वेळा कुठं गेली होतीस?"

"इथंच होते."

"मग?"

तेरा वर्षांची पोर ती. वडील महिपत गिरणीत कामाला, घर बाळकुमला, मूळ गाव साताऱ्याकडं. खाली मान घालून म्हणाली, "आजी म्हणते, उघड्यावर अंधार पडल्यावर एका हाकेला ओ दिऊ नगंस. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक मानसाची."

सगळी रांग हसली. खरं तर ही गोष्ट सरांना नवी नव्हती. त्यांच्या आईनंही त्यांना हेच शिकवलं होतं, राजापूरकडच्या बोलीत. पण शहरात आल्यावर माणूस खेड्यातल्या गोष्टी ट्रंकेच्या तळाशी ठेवतो. दुसऱ्याच्या तोंडून त्या बाहेर आल्या की त्याला आपलीच लाज वाटते. सरांचा चेहरा कडक झाला. "ऐका सगळ्या. या शिबिरात तिसरी हाक नाही. मी कुणालाही तिसऱ्यांदा बोलावणार नाही. कळलं?"

"हो सर."

आणि कलावतीला दुसऱ्या दिवशी पाणी भरायचं काम लागलं.

सोबत गणिताच्या उत्तराबाई होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सर, पोरीला हुशारीनं समजवायचं, तुम्ही तर कायदाच केलात."

"बाई, रानात शिस्त नको का?"

"हवी ना. तुम्हालाही हवी." एवढं बोलून बाई पिठल्याकडं वळल्या.

चार दिवस मजेत गेले. मुली ओढ्यात डुंबल्या, भाकऱ्या जाळल्या, गाणी म्हटली. शहरातली एक जण तर शेणाला घाबरायची, ती चौथ्या दिवशी गोवऱ्या वेचून आणू लागली. पाचव्या दिवशी संध्याकाळी हजेरीत सत्तावीसच 'हजर' आले.

कलावती करवंदं वेचायला वर गेली होती, ती सोबतच्या मुलींच्या पुढं गेली. मुली म्हणाल्या, "आम्हाला वाटलं ती मागून येतेय." टेकडीच्या वरच्या अंगाला दगडाची एक जुनी खाण होती, बंद पडलेली, कडेला कुंपण नाही. सूर्य बुडाला होता. वरच्या झाडीत रातवा पक्ष्याची टुक-टुक सुरू झाली होती.

सर आमराईच्या टोकाशी गेले, तळहातांचा कर्णा केला आणि हाक मारली. "कलावती."

रातवा गप्प झाला. बाकी काही नाही.

"कलावती."

टेकडी तशीच. मागं मुलींची रांग उभी, सगळ्यांचे डोळे त्यांच्या पाठीवर. उत्तराबाई हळूच म्हणाल्या, "अजून एकदा."

इथं त्या माणसाला पुरतं माहीत होतं की पोर ओ का देत नाही. ती कुठंतरी जाळीत उभी आहे, भुताच्या भीतीनं अंगठा मुठीत धरून, आणि तिसऱ्या हाकेची वाट बघते आहे, हे त्यांना अगदी समोर दिसावं तसं दिसलं. तोंड उघडलं. आणि रांगेतून एक जण बाजूचीला म्हणाली, "आता सर तिसरी मारतात बघ."

बस. उघडलेलं तोंड मिटलं.

"ऐकलं असतं तर ओ दिली असती," सर म्हणाले. "या बाजूला नाही ती. खालच्या ओढ्याकडं बघू." आणि त्यांनी टेकडीकडं पाठ केली.

ओढ्याकाठी ते शिट्टी फुंकत फिरले. हाक मारलीच नाही. चहाचं आधण यावं एवढा वेळ गेला असेल, तोच मागून, ज्या टेकडीकडं पाठ केली तिथूनच, बारीक आवाज आला. "ओ… आले सर."

कलावती करवंदाच्या जाळीतून बाहेर आली. परकराचा ओचा रिकामा, पाय ओरबाडलेले. उत्तराबाईंनी तिला पोटाशी धरली. ती सरांकडं बघून म्हणाली, "तुमच्या दोन हाका ऐकल्या सर, पण आजीचं आठवलं. वाट कळेना, तशीच पुढं चालत राहिले. मग तिसरी आली. पाठीमागून, अगदी जवळून. मी मागं वळले."

सरांनी शिट्टी खिशात टाकली आणि मुलींना रांगेत उभं केलं. घाबरलेल्या मुलींना वाटलं, ओढ्याकाठी फिरताना सरांनी तिसरी मारली असेल. खरा आकडा ठाऊक होता फक्त दोघांना. सरांना आणि गणिताच्या बाईंना.

सकाळी दगडूला घेऊन सर वर गेले. खाणीच्या अलीकडं, अगदी कडेवर, ओचाभर करवंदं सांडलेली होती. तिथून पुढं तीन पावलं जमीन, मग काही नाही. दगडूनं खाली एक धोंडा लोटला. तो पोचल्याचा आवाज यायला वेळ लागला. "मास्तर," तो म्हणाला, "हाक वेळेवर मारलीत."

गावभर झालं. महिपत शाळेत आला, नारळ नि पायरीचे आंबे घेऊन. सोबत आजी हौसाबाई. तिनं भर वर्गात सरांवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. "आवं मास्तर, साळंत शिकलेला मानूस तीनदा हाक कुठला मारायला? तुमी मारलीत, म्हनून माजी नात हाय." सरांनी तोंड उघडलं. सांगायचंच होतं त्यांना. पण ते तोंड टेकडीपाशी जसं मिटलं होतं तसंच पुन्हा मिटलं. एकदा मिटायची सवय लागली की फार सोपं जातं ते.

त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत उत्तराबाई एवढंच म्हणाल्या, "सर, आंबे गोड होते का?" आणि वह्या तपासायला लागल्या.

पुढच्या वर्षापासून शिबिराची हजेरी निराळी झाली. प्रत्येक मुलीचं नाव तीनदा. कुणी पहिल्याच हाकेला 'हजर' म्हणालं तरी सर उरलेल्या दोन मारायचेच. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी हाका. भात गार व्हायचा. मुलींनी तिचं नाव 'तिहेरी हजेरी' ठेवलं. एकीनं तर म्हटलं, "सर, भुतांची पण हजेरी घेता काय?" सगळ्या हसल्या. सरांनी वही मिटली.

हजेरी झाली की सर एकटेच आमराईच्या टोकाशी जायचे. टेकडी आवाज परत देते का, हे त्यांना पाहायचं होतं. प्रतिध्वनी असेल तर सुटलोच. कलावतीचं नाव घ्यायचा धीर नव्हता, म्हणून ते स्वतःचंच नाव घ्यायचे. "विश्राम." काही नाही. "विश्राम." काही नाही. तिसरी हाक ते मारत नसत. कान देऊन उभे राहत. आपण दोनदा मारून थांबलो की त्या रानात कुणी तिसरी मारतं का, एवढंच ऐकायचं असायचं. यावी असंही वाटे, येऊ नये असंही. लाकूडतोडे त्यांना हाकवाला मास्तर म्हणू लागले. कधी जास्तच वेळ शांत गेलं, की सरांच्या मानेवर काटा येई. पाठ फिरवून निघायचं त्यांना जमेना. टेकडीकडं तोंड ठेवून, मागं मागं सरत ते आमराईत यायचे.

घरी त्याची वेगळीच गंमत. तोवर बिऱ्हाड डोंबिवलीला गेलं होतं. चार खोल्यांची चाळ, समोर भातखाचरं. बायको सरोज दारातून म्हणायची, "अहो." सर गप्प. "अहो, चहा." सर गप्प. तिसऱ्या 'अहो'ला वळायचे. सरोज शेजारणीला सांगायची, "लग्न केलं तेव्हा एका हाकेत यायचे. आता दगडूचा बैल झालाय यांचा." तिला बैलाची गोष्ट ठाऊक होती. पुढची नव्हती.

सत्तावन्न साल उजाडलं. एप्रिलच्या एका रविवारी, सकाळी, सर खिडकीत बसून शिट्टीची दोरी बदलत होते. बाहेरून कुणी म्हणालं, "सर."

सर गप्प.

"सर."

सर गप्प.

"सर, तिसऱ्यांदा बोलावतेय हो."

ओ देत ते दाराशी आले. कलावती उभी होती. नऊवारी नाही, पाचवारी, हातात छत्री, एकवीस वर्षांची. ट्रेनिंग संपवून कल्याणच्या शाळेत नुकती लागलेली. सरोजनं पोहे टाकले. कलावती भडाभडा बोलली. मेमध्ये तिच्या शाळेच्या बावीस मुली मलंगगडाच्या पायथ्याशी शिबिराला जायच्या आहेत आणि हेडबाईंनी तिला न्यायला सांगितलं आहे. रानात पाऊल टाकायची भीती तिच्या मनात कधी बसलीच नाही, कारण पाठीमागं कुणीतरी आपल्याला तीनदा हाक मारणारं आहे, हे तिनं तेराव्या वर्षी स्वतः ऐकलं होतं. म्हणून तर ती मास्तरीण झाली.

मग पोह्याची बशी तिनं खाली ठेवली.

"सर, परवा उत्तराबाईंकडं गेले होते. त्यांना म्हटलं, मी मुलींना तुमची गोष्ट सांगणार, तीन हाकांची. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हाका किती होत्या ते आधी सरांना विचार."

सरोज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"उद्या हेडबाईंना हो की नाही ते सांगायचंय," कलावती म्हणाली. "ती हाक तुमची असेल तर मी जाते. नसेल तर मला ठाऊक नाही मी कुणाच्या भरवशावर एवढी वर्षं रानात फिरले. मग परक्यांच्या पोरी घेऊन मी जाणार नाही. तिसरी तुमचीच होती ना सर?"

एक 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. पोर आनंदानं गेली असती, तिच्या काळजीपुरते तरी सर रात्री झोपले असते. समोर खाचरात कुणीतरी बैलाला हाक मारत होतं. सरांनी ती ऐकली, दुसरी ऐकली, मान वर करून तिसरी येईपर्यंत थांबले. तोंड उघडलं. या खेपेला ते मिटलं नाही.

"मी दोनच मारल्या, कलावती. तिसऱ्या हाकेशिवाय तू ओ द्यायची नाहीस हे पुरतं ठाऊक असून मारली नाही, चार पोरी हसतील म्हणून. ती कुणी मारली हे मला आजही ठाऊक नाही. तू मुलींना घेऊन जा. आणि तिसरी हाक तूच मार, ती दुसऱ्या कुणावर सोडू नकोस."